यंत्र चालू होतं

चहा घेऊन तो आत गेला तेव्हा श्वासाचं यंत्र चालू होतं आणि बायको गेलेली होती. तिचा हात गार पडला होता. नळीतून हवा मात्र अजून तिच्या नाकात जात होती. तो बटणाकडे वाकला आणि मागे सरला. आजवर या घरात यंत्राचा आवाज थांबला की काळजात धस्स व्हायचं. लाइट गेली की तो धावत सिलिंडर लावायचा. आता आपल्याच हाताने थांबवायचा?

तेवढ्यात दार वाजलं.

संस्थेची ताई होती. यंत्र संस्थेनेच वापरायला दिलेलं. सोबत कापडवाले शेठ आणि त्यांची बायको. यंत्रं त्यांच्या देणगीतून यायची. देणाऱ्यांना आजारी माणसाचे हाल कळावेत म्हणून ताई त्यांना घरी घेऊन यायची. आजचं ठरलेलं होतं. तो विसरला होता.

"काकू झोपल्यात का, काका?"

त्याने हो म्हणून मान हलवली आणि आतलं दार ओढून घेतलं. बोललो तर सगळे आत शिरतील आणि आवाज बंद करतील, या भीतीने तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

ताईने शेठना बारीक स्ट्रॉ दिली. "नाक दाबा. श्वास हिच्यातूनच घ्यायचा. जिन्यापर्यंत जाऊन या."

"घरी पण ठेवा तोंडात," शेठची बायको म्हणाली. "गप्प तरी बसाल."

शेठ हसत गेले. येताना हसत नव्हते. स्ट्रॉ फेकून ते भिंतीला टेकले. "मेलो असतो गं," एवढंच म्हणाले. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला.

"खालच्या गल्लीत एक शिवणकाम करणारी बाई आहे," ताई म्हणाली. "तिचा श्वास सारखा असाच चालतो. आडवं होता येत नाही, बसूनच असते. यंत्र शिल्लक नाही. कुणाचं मोकळं झालं की तिला द्यायचं."

"मोकळं म्हणजे कधी?" शेठनी विचारलं.

ताईने त्याच्याकडे बघायचं टाळलं. बंद दाराआडून यंत्राचा आवाज येत राहिला.

"हेच न्या," तो म्हणाला. "मघापासून मोकळंच आहे."

ताई ताडकन उठली. त्याने तिला हातानेच थांबवलं आणि एकटाच आत गेला. बटण दाबलं. घर गप्प झालं.

तिच्या नाकातली नळी काढायची तेवढी राहिली.