वरोऱ्याच्या बाजारचे भाव

महागाईचा आकडा पडद्यावर आला आणि प्रणितनं तो दोनदा वाचला. आकडा वर होता, बराच वर. सरकारी रोख्यांवरचा परतावा लगेच चढला. परतावा चढला की आधीच्या रोख्यांची किंमत उतरते, आणि प्रणितनं बँकेच्या पैशातून नेमके तेच रोखे ढिगानं घेऊन ठेवले होते. महागाई निवळेल, व्याजदर खाली येतील, आपला माल महाग होईल, असा त्याचा होरा होता.

बँकेच्या मुंबईतल्या कचेरीत सगळे जण खनिज तेलाकडे, डॉलरकडे, सरकार किती कर्ज काढतंय याच्याकडे डोळे लावून बसत. प्रणितही बसे. पण त्याला आणखी एक वाट ठाऊक होती. दर रविवारी तो वरोऱ्याला आईला फोन करी. तूरडाळ काय भाव? कांदे? टमाटर? तेल? आई एकेक सांगे. दोन मिनिटांत फोन संपे. आईच्या बाजारावरून महागाईचा कल त्याला इतरांच्या आधी कळे. दोन वर्षं त्याचा अंदाज चुकला नव्हता, म्हणून या वेळी साहेबांनीही त्याला मोकळीक दिली होती. आणि आई गेले काही महिने एकच सांगत होती, "भाव जागच्या जागीच आहे रे."

आठवडाभरात बँकेनं त्याला राजीनामा द्यायला लावला.

वरोऱ्याला गाडीतून उतरल्यावर त्यानं स्टेशनाबाहेरच्या दुकानात मुद्दाम तूरडाळीचा भाव विचारला. आईनं सांगितला त्याच्यापेक्षा किलोमागे चाळीस रुपये जास्त. टमाटर तर दुप्पट. तो तणतणतच घरी पोचला.

दार उघडंच होतं. शेजारच्या जरीनाबाई ओट्यावर भाजीची पिशवी रिकामी करत होत्या. आई खाटेवर होती. त्याला पाहून ती उठली, पण भिंतीला धरून, आणि दोन पावलांतच थांबली.

"तुले काय झालं?" प्रणितनं विचारलं.

"न्हाणीत पडली होती. पोळ्याच्या आधी. आता बरी आहो."

"कायची बरी," जरीनाबाई म्हणाल्या. "तेव्हापासून बाजार मीच आणून देते. पोराले कळवा म्हटलं, तं ऐकत नाई." पिशवीची घडी घालून त्या निघून गेल्या.

प्रणितनं आईला पुन्हा खाटेवर बसवलं. तिचा दंड हाताला अगदी हलका लागला. तरी त्याचा राग उतरला नव्हता.

"मग मले भाव कुठून सांगत होती तू?"

"पहिलेचेच सांगे. कधी दोन रुपये वर, कधी दोन रुपये खाली."

"पण काऊन? बाजारात जात नाई, एवढं सांगायचं होतं ना. माह्यी नोकरी गेली, आई."

भाव आणि नोकरी यांचा काय संबंध, ते तिला उमगलं नाही. नोकरी गेली एवढं मात्र कळलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"तसं सांगतलं असतं," मग ती म्हणाली, "तं तू फोन कायले केला असता?"