एकाच नंबरचा संच

कॅप्टनने काचेचं कपाट पुसायला घेतलं, तरी ती बाई तिथंच उभी होती. अर्धा तास झाला होता.

बाजारात त्याला सगळे कॅप्टन म्हणत. गणवेश त्याने आयुष्यभर फक्त विकत घेतले होते, अंगावर एकही चढवला नव्हता. पण लढाईतल्या जुन्या वस्तूंच्या धंद्यात त्याच्या शब्दाला मान होता आणि दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडलेल्या या संचाने तो आणखी वाढणार होता. पाठपिशवी, पट्टा, काडतुसांच्या थैल्या, जेवणाचा डबा, छोटं फावडं, पाण्याची बाटली. सगळं एकाच शिपायाचं, सगळ्यावर एकच नंबर, ४१०७. सोमवारी संग्रहालयाची माणसं ते न्यायला येणार होती.

खरं तर नंबर फक्त बाटलीवर होता. बाकीच्या वस्तू त्याने सहा वर्षं भंगारवाल्यांकडे हिंडून जमवल्या, कापड चहाच्या पाण्यात भिजवून जुनं केलं आणि प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने तोच नंबर मारला. धंद्यात सगळेच थोडंफार करतात, अशी तो मनाची समजूत घालत असे.

"हा माझ्या नवऱ्याचा नंबर," बाई म्हणाली.

कॅप्टनच्या हातातलं फडकं थांबलं.

"लढाईत गेले, त्याला चाळीस वर्षं झाली. चौकातल्या शहिदांच्या दगडावर नाव आहे त्यांचं." ती रडत नव्हती. हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "कुठं सापडलं हे?"

"डोंगरात. सगळं एकाच खड्ड्यात." संग्रहालयाला दिलेल्या कागदावरही त्याने हेच लिहिलं होतं.

"एकाच खड्ड्यात?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आणखी कुणी विचारायला आलं होतं? सैन्यातलं?"

"नाही, ताई."

"मग मला द्या. काचेत नका ठेवू. लोक येणार, नंबर वाचणार, चौकशा करत बसणार. मला नाही सोसायचं ते." तिने कागदावर पत्ता लिहून दिला. "घरी मी आणि माझे आजारी दीर. ते कुणाला भेटत नाहीत. आधी कळवा, मगच या."

त्यानंतर कॅप्टनला चैन पडेना. उठायचा, बसायचा, कपाट उघडायचा, लावायचा.

"पायाला भिंगरी लागलीय का?" बायकोने विचारलं. त्याने तिला सगळं सांगून टाकलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"त्या बाईला खोटा खड्डा सांगितलात? उद्या ती फुलं घेऊन तिथं जाईल हो!"

हेच त्याला खात होतं. खरं बोलावं तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. गप्प बसावं तर घास घशाखाली उतरत नव्हता. रविवारी सकाळी त्याने संग्रहालयाला फोन करून संच देणार नाही म्हणून सांगितलं, चार शब्द ऐकून घेतले आणि सगळं सामान गाडीत टाकलं. आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर बाईसमोर जायचा धीर पुन्हा झाला नसता.

तिसऱ्या मजल्यावरचं दार बऱ्याच वेळाने किलकिलं झालं. आत एक म्हातारा उभा होता.

"वहिनी बाजारात गेल्यात. नंतर या."

"तुमच्या भावाचं सामान आणलंय," कॅप्टन म्हणाला. "एवढं आत ठेवू द्या. एक गोष्ट सांगायचीय, ती सांगून लगेच जातो."

म्हाताऱ्याने जिन्यात डोकावून बघितलं आणि त्याला आत घेऊन कडी लावली.

कॅप्टनने एकेक वस्तू जमिनीवर मांडली. म्हाताऱ्याने पिशवी उचलून बाजूला ठेवली. पट्टा बाजूला ठेवला. डबा उघडून बघितला, तोही बाजूला ठेवला. मग बाटली हातात घेतली आणि कॅप्टन समोर आहे हे तो जणू विसरूनच गेला. अडकणारं झाकण त्याने आधी खाली दाबलं, मग उलटं फिरवलं. ते लगेच निघालं. कॅप्टनला ते सहा वर्षांत उघडता आलं नव्हतं.

"मला सांगायचं होतं की..." कॅप्टनने कशीबशी सुरुवात केली.

"बाटली तेवढी माझी," म्हातारा म्हणाला. "बाकीचं कुणाचं?"