गव्हर्नरसाहेबांचा गुरुवार

"मुद्रांकित कागद नसेल तर ते अर्ज हातातसुद्धा घेत नाहीत," दोना लियोनोरने दारातच सांगितलं.

कुस्तोदियाने पिशवीतून कागद काढला. "आणलाय बाई. गावात कळलं मला."

पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. राजा गेला, राजाचा दरबार गेला, तरी दर गुरुवारी दुपारी काउंट डोम गास्तांव जुना गणवेश चढवून जेवणघरातल्या मोठ्या खुर्चीत बसत आणि अर्ज घेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अकरा वर्षं गव्हर्नर, पुढे दोनदा मंत्री. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी लेकीचं, लियोनोरचं, नावही त्यांना आठवेनासं झालं होतं. गावकरी मात्र हौसेने यायचे. गेल्या गुरुवारी झेफेरीनु न्हाव्याने अख्खा जिल्हा मागितला. काउंटनी न वाचताच 'मंजूर' लिहिलं, आणि तेव्हापासून न्हावी गिऱ्हाइकांकडून सलाम घेत होता.

लियोनोरला या थट्टेचा कधी राग आला नाही. सात वर्षांची असताना ती तिकडच्या वाड्याच्या व्हरांड्यात बापाच्या पायाशी बसून अर्जदारांची रांग बघायची. समुद्राचा वारा, रविवारचा बँड, भाजलेल्या काजूंचा वास. ते दिवस गुरुवारपुरते घरी यायचे. तिला तेवढं पुरे होतं.

"मागणं काय आहे?" तिने विचारलं.

"माझे वडील, बाझीलियु तेलेस, आफ्रिकेत हुजुरांच्या दारूगोळ्याच्या कोठारावर राखणदार होते. कोठार जळालं, एक शिपाई गेला. ठपका वडिलांवर आला. हुजुरांनी त्यांना पार तिमोर बेटावर हद्दपार केलं. तिथेच वारले ते. आई आता दोन-चार दिवसांची सोबती आहे. माफीचा कागद उशाशी हवा म्हणते. जीव त्यातच अडकलाय तिचा."

"त्यांच्या सहीला आता काडीची किंमत नाही हो."

"आईला कुठे माहीत आहे ते?"

लियोनोर दारातून बाजूला झाली. "या आत. ते कुणालाच नाही म्हणत नाहीत."

काउंटनी कागद घेतला, लेखणी दौतीत बुडवली आणि थांबले. मग वाचू लागले. त्यांना अर्ज वाचताना लियोनोरने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नामंजूर," ते म्हणाले.

कुस्तोदियाने हात जोडले. "हुजूर, आईला काय तोंड दाखवू मी?"

"पापा, त्या न्हाव्याला जिल्हा दिलात. हिला एक शब्द द्यायला काय जातंय तुमचं?"

"न्हाव्याला काय, काहीही दिलं तरी चालतं." आवाज थेट त्या व्हरांड्यातला होता. "माफी गुन्हेगाराला द्यायची असते, लियोनोर."

त्यांनी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं, खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घातला, आणि कागद लेकीपुढे धरला.

"वाच. तिला ऐकू येईल असं."

लियोनोरने वाचलं, "बाझीलियु तेलेसने मला दोनदा हटकलं होतं. तरी मी कोठारात चिरूट पेटवला."