नागरिक समाधानी

सकाळी नगरपालिकेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली : 'प्रभाग सातमध्ये आता रोज पाणी. नागरिक समाधानी.' खाली फोटो होता. त्यात सगळ्यांत पुढे, भरलेली कळशी कमरेवर घेऊन, किसनरावांची बायको कोकिळा हसत उभी होती. कोकिळाला वारून आठ महिने झाले होते, आणि नळाला शेवटचं पाणी येऊन बारा दिवस.

गल्ली खवळली. "किसनभाऊ, आता सापडले हे खोटारडे! तुमीच चाला पुढं, तुमच्यापुढं काय बोलतीन?" शेजारचा ज्ञानेश्वर म्हणाला. रिकामी भांडी वाजवत वीसेक माणसं किसनरावांच्या मागं नगरपालिकेत शिरली.

मलकापूरहून नुकतेच बदलून आलेले साहेब सगळं ऐकून ओशाळले. "जुना फोटो आहे, काका. चूक झाली. तुमच्यासमोरच काढून टाकतो."

"बोला ना, किसनभाऊ!" मागून ज्ञानेश्वरनं ढोसलं.

किसनरावांनी साहेबांचा फोनवरचा हात घट्ट धरला.



"काढू नका, साहेब. मले मोठा करून द्या. घरी हार घातलेला फोटो आधार कार्डावरचा हाये, त्यात कोकिळा हासत नाही."