नंतरचा काना

"सकाळपासून एक काना. एक! एवढ्या वेळात बाबांनी अख्खी गल्ली रंगवून काढली असती," दादा खुर्चीमागे उभा राहून कुरकुरला. त्याच्या कपातला चहा धाकटीच्या मानेपासून वीतभर अंतरावर हिंदकळत होता.

धाकटीने मान वळवली नाही. पडद्यावर 'ग'चा काना होता, दारासारखा उंच. त्याच्या कडेवरचा एक बिंदू माउसने धरून ती केसभर डावीकडे ओढत होती. इतक्या मायेने कोणी सूड उगवत असेल, असं बघणाऱ्याला वाटलं नसतं.

दोन वाजेपर्यंत फाइल पाठवायची होती. बेकरीची साठ दुकानं, साठ पाट्या, आणि मालकाला अक्षरं हवी होती ती बाबांच्या हातची. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. म्हणून त्यांनी रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढून, एकेक वळण गिरवून, धाकटीने सगळी मुळाक्षरं संगणकात उतरवली होती.

"हे काय गं?" दादाने पडद्यावर बोट टेकवलं. "इथे अडखळलंय."

"हो."

काना वरून झोकात उतरत होता, आणि निम्म्याच्या थोडं खाली आल्यावर दचकल्यासारखा डावीकडे सरकून पुन्हा वाटेला लागत होता.

"हे नंतरचं आहे," दादा म्हणाला.

घरात 'आधीचं' आणि 'नंतरचं' एवढंच बोलायची रीत होती. कशाच्या आधी, कशाच्या नंतर, ते कोणी उच्चारत नसे. बाहेरच्या कोणी विचारलंच तर आई सांगायची, शिडी जुनी होती, पायरी मोडली. बाबांचं उजवं कोपर गेलं. पुढची नऊ वर्षं ब्रश खाली आणताना हात नेमका त्याच जागी अडायचा. मोठी कामं गेली. राहिले शिंपी, पंक्चरवाला आणि कुलपांना किल्ल्या करून देणारा. त्या दिवशी बाबांबरोबर शिडी धरायला दादा होता. धाकटी रंगाचा डबा घेऊन रस्त्यापलीकडे उभी होती. तिने काय पाहिलं, ते तिला कोणी विचारलं नव्हतं.

"मी तुला आधीचे फोटो दिले होते ना? थिएटरची पाटी, शाळेची पाटी?"

"दिले होतेस. छान होते."

"मग हा सरळ कर. एका ठिकाणी केला की सगळीकडे होतो, तूच म्हणालीस."

"होतो ना. आणि एका ठिकाणी वाकवला की सगळीकडे वाकतो."

तिने बाजूची चौकट उघडली. काना एकदाच काढलेला होता, बाकीच्या अक्षरांनी तो उसना घेतला होता. अ, घ, प, म, स, सगळे एकाच जागी अडखळत उभे होते. ट, ठ, ड, ढ यांना तसा काना नाही. त्यांना तिने शिरोरेषेत तसाच हिसका देऊन गाठलं होतं.

"लोक म्हणतील, यांचा कॉम्प्युटर बिघडलाय."

"लोकांना दिसणारसुद्धा नाही." ती पहिल्यांदा वळली. "तुला दिसेल. साठ पाट्या आहेत, दादा. कुठल्याही रस्त्याने जा."

दादाने कप ठेवला. "सरक." त्याने माउस हिसकावला, काना धरला, कड गुळगुळीत करायचं बटण दाबलं. साहेब तपासणीला आल्यावर व्हावीत तशी सगळी अक्षरं एका क्षणात ताठ झाली.

"हे बघ. हे बाबा."

धाकटीने कीबोर्डवर दोन बोटं ठेवली. सगळी अक्षरं पुन्हा अडखळली.

त्याने सरळ केली. तिने मागे नेली. पुन्हा सरळ, पुन्हा मागे. चाळिशी ओलांडलेली दोन माणसं एका माउससाठी कोपरं मारत होती.

"आई, सांग गं हिला काहीतरी!"

आई मागच्या टेबलावर स्टिकरच्या अक्षरांमधला नको तो भाग चिमट्याने उचलत बसली होती. ती चिमटा हातात घेऊनच आली. चष्मा सारखा केला. कान्याच्या डोक्यावर बोट ठेवून सावकाश खाली आली. अडखळायच्या जागी बोट थांबलं, आणि तिथेच राहिलं.

"हा त्यांचाच," ती म्हणाली.

"त्यांचाच गं! पण पडल्यानंतरचा. हे कशाला मिरवायचं? त्यांचा चांगला हात राहू दे ना लोकांपुढे." दादाचा आवाज चढला होता. "शिडीच जुनी निघाली, त्याला आता आपण काय..."

आईने पडद्यावरचं बोट काढलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, अनोळखी अक्षर लावायचा प्रयत्न करावा तशी.

"शिडी जुनी होती असं मी लोकांना सांगायचे, बाळा," ती म्हणाली. "तुला नव्हतं सांगितलं. तू सोडली होतीस ती."