दोनशे सोळापैकी दोनशे सोळा

“घोंगड्या विणणाऱ्या गावाला ही असली शाल? वारंसुदीक आडायचं न्हाई हिच्यानं,” पहिल्या रांगेतून हरणाबाई पुटपुटली. शेजारची तानुबाई पदराआड हसली.

धुळोबामाळाचा सत्कार होता. गेल्या विधानसभेला मतदार दोनशे सोळा, मतदान दोनशे सोळा. प्रमाणपत्र जानेवारीतच छापून तयार होतं. पण निम्मं गाव मेंढरं घेऊन बाहेर, मग सत्कार करायचा कुणाचा? शेवटी आषाढात, कळप परतल्यावर, निवडणूक शाखेच्या भार्गवी मॅडम ते घेऊन शाळेच्या पटांगणात आल्या.

मॅडम अभ्यासू. मतदारसंघाचा सगळा इतिहास त्यांनी वहीत उतरवून आणला होता. गाव जागचं हललं नव्हतं, मतदारसंघच दोनदा हलला होता. धुळोबामाळ कधी ह्याच्या शेपटाला, कधी त्याच्या. पहिल्या निवडणुकीपासूनचे सगळे आमदार मॅडमनी वाचून दाखवले. गावानं प्रत्येकाला टाळ्या दिल्या. त्यातल्या निम्म्यांनी हा माळ डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण टाळ्यांना काय पैसे पडतात?

“आता एक सांगा.” मॅडमनी पेन उघडलं. “दिवाळी झाली की तुमची निम्मी माणसं कृष्णाकाठी. मतदान होतं वीस नोव्हेंबरला. तरी एक मत चुकलं नाही. असं का? ‘कारण’ हा रकाना मला भरायचाय.”

“लोकशाहीवर लय प्रेम हाय आमचं,” सरपंच सिद्धू म्हणाला.

“जनजागृती,” मास्तर म्हणाले.

“म्हसवडच्या सिद्धनाथाची कृपा,” मागून कुणीतरी.

हरणाबाईनं नाक मुरडलं. एकही मत कसं चुकत नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळच्या टेम्पोनं निम्मे मेंढके यायचे, मत देऊन परतायचे, मग कळपापाशी थांबलेले उरलेले निघायचे. बाळंतीण सोनिया तर सव्वा महिना व्हायच्या आत तान्ह्याला गुंडाळून रांगेत उभी राहिली होती. कसं, ते कुणीही सांगितलं असतं. का, ते गावात कुणी बोलत नव्हतं.

“पहिला मान आमदारांचा!” सिद्धूनं माइकवर घाईघाईनं पुकारलं.

लालासाहेब काठी टेकत पुढं आले. ऐंशी उलटलेली, फेटा मात्र कडक. गावात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लग्नपत्रिकेत आमदार, पारावर आमदार, भांडण मिटवायला आमदार. निवडून कुणीही येवो, कापडी पिशवीत अर्ज घालून त्याच्या दारात जाऊन बसायचे ते हेच. माळावरची एसटी, नळाचं पाणी, ही शाळा, सगळं त्या पिशवीतून आलेलं.

मॅडमनी शाल उलगडली आणि थांबल्या. वहीची पानं पुढंमागं केली.

“आपण कुठल्या सालचे आमदार? माझ्या यादीत नाव सुटलेलं दिसतंय.”

“म्याडम, च्या निवतोय,” सिद्धू म्हणाला.

“यादी बिनचूक हवी हो. नाव सांगा, लगेच घालते.”

जो तो आपल्या पायांकडं बघायला लागला. सत्तेचाळीस वर्षं गावानं एका माणसाला दिलेला मान आता सरकारी वहीत तपासला जात होता, तोही माइकसमोर.

लालासाहेबांनी मॅडमच्या हातातली शाल हळूच मागं सारली.

“न्हाई सापडायचं, बाई. अठ्ठ्याहत्तरला उभा हुतो, अपक्ष. पडलो. एकसष्ट मतांनी.” हा आकडा गावात इतकी वर्षं कुणी उच्चारला नव्हता. “माजाच परचार कमी पडला. लोकं आपली मायेनं आमदार म्हणत्यात. त्यास्नी बोल लावू नका.”

मॅडम ओशाळल्या. त्यांनी वही मिटायला घेतली.

“मिटू नका ती!”

हरणाबाई उठली होती. पदर खोचून ती माइकपर्यंत चालत गेली. तिनं लालासाहेबांकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलणं झालं नसतं.

“आवं, मानसाचं मन राखायला किती खोटं बोलावं ह्यांनी! परचार काय कमी नव्हता. ह्या गावचं आमदार पडलं न्हाईत, म्याडम. आमी पाडलं त्यास्नी. आपलाच मानूस हाय, आपल्या मतांवाचून काय आडतंय, म्हणून चौऱ्याण्णव जण मेंढरांमागं किस्नाकाठी ऱ्हायलो. त्यात मी बी हुते. हरलं किती? एकसष्टानं. तवापास्नं मताला कुणी चुकत न्हाई. ल्ह्या त्या रकान्यात.”