आईचा लाकडी डाव

झाकण उघडताच वाईनचा वास आला आणि फिलोमिनाने बरणी तिथल्या तिथे मोरीत पालथी केली. सलग तिसऱ्यांदा इन्शुलिन नासलं होतं. औषध तयार करणारं यीस्ट निघाल्यापासून दुकानातली इंजेक्शनं बंद झाली होती. ज्याचं त्याने घरीच आंबवायचं. तिच्या नवऱ्यासाठी, इनाससाठी, आता एकच कुपी उरली होती.

“शेजारी मागू या का?” इनासने खाटेवरून विचारलं.

“आज मागाल. उद्या काय?”

बरणी, झाकण, नळी, सगळं तिने खळखळून उकळलं होतं. हात कोपरापर्यंत धुतले होते. मग हा वास शिरतो कुठून? तिची नजर खुंटीवरच्या लाकडी डावाकडे गेली. याच डावाने तिची आई नाताळची जांभळाची वाईन ढवळायची आणि नंतर तो नुसता पाण्यातून काढायची. उकळला तर चव जाते, म्हणायची. फिलोमिना औषधही सवयीने त्यानेच ढवळत होती. वाईनला ती चव देणारं यीस्ट लाकडाच्या भेगांत दडून बसलं होतं. आता उकळूनही ते तळापर्यंत मरेल, याची तिला खात्री वाटेना.

तिने डाव उचलला आणि थेट चुलीत घातला.

“अगं, आईचा डाव तो! त्याच्याशिवाय आपली वाईन होणार नाही.”

“नको होऊ दे.”

जांभळाचा वास घरभर पसरला. तिने तो एकदाच छाती भरून घेतला, डोळे पुसले आणि हात पुन्हा कोपरापर्यंत धुवायला घेतले.